बनूबाईचं पान

"मेथीच्या जुडीवरून मी जिच्याशी भांडते, तिला उद्या विहारात खुर्चीवर बसवायचं आणि वर मीच तिला गुच्छ द्यायचा," बकुळा परातीतल्या कणकेला म्हणाली.

शेजारी कांदा चिरत बसलेल्या नणंदेने, संध्याने, मान वर केली नाही. वहिनी कणकेशी बोलते तेव्हा उत्तर द्यायचं नसतं, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती. पण अंबरनाथची ती खोली एवढीशी, की कणकेला सांगितलेलंही पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं. तिथे पलंगावर पाय दुमडून द्रौपदीबाई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं, आणि पदराने चष्म्याची काच पुसली. एवढंच.

बकुळाचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. घराण्यातलं पहिलं पुस्तक. काडीपेटीच्या कारखान्यात उभा जन्म डब्या भरलेल्या बाईने लिहिलेलं आणि कुणा प्रकाशकाच्या दारात उभं न राहता घरच्यांनीच छापलेलं. त्याच्या प्रकाशनाला वजनदार माणूस नको? बकुळाच्या नवऱ्याच्या, शंकरच्या, ऑफिसातले मोठे साहेब यायला तयार होते. संध्याच्या शाळेचे मुख्याध्यापक तर भाषण लिहूनच बसले होते. पण सासूबाईंनी महिनाभर आधीच सांगून टाकलं होतं की पाहुणी ठरली आहे, मांजर्लीची बनूबाई. आता बनूबाई म्हणजे बदलापूरच्या पुलाखाली पालेभाजी घेऊन बसणारी बाई. तिचा या घराशी संबंध काय, असं बकुळाने विचारलं तेव्हा द्रौपदीबाई म्हणाल्या होत्या, "पुस्तकात आहे की."

आणि गंमत अशी, की हे ऐकल्याबरोबर शंकर, संध्या आणि धाकटा मुकेश, तिघांनीही एकदम खुर्च्यांचा विषय काढला होता. भाड्याच्या आणायच्या की विहारातल्या पुरतील. खुर्च्यांवर ही भावंडं इतकी एकमताने बोलताना बकुळाने कधी पाहिली नव्हती. तिने पुस्तक वाचलेलं नव्हतं. छापून आल्यावर वाचीन, म्हणाली होती. आता ते छापून येत होतं, आणि तिला उगाचच वाटत होतं की आपण सोडून सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे.

दुपार कलायला लागली तसा मुकेश टेम्पोतून गठ्ठे घेऊन आला.

पहिला गठ्ठा शंकरने सोडला. तो थोरला, तेव्हा ते त्याच्याकडेच आलं. त्याने सुतळी कापली नाही, गाठ सोडवली, गुंडाळून खिशात ठेवली आणि मग वरचं पुस्तक हातात घेतलं. 'डबी भरताना'. खाली, द्रौपदी महिपती गायकवाड. कव्हर जाड, मऊ, थोडं चमकणारं, आणि चारही कडांना सोनेरी वेल.

"हे पत्रिकेचं कार्ड आहे," शंकर म्हणाला.

"मग? आमच्याकडे दुसरं काय असणार, दादा," मुकेश म्हणाला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये तो ज्या सिंधी शेठकडे कामाला होता, तिथे लग्नाच्या पत्रिकांखेरीज कधी काही छापलं गेलं नव्हतं. शेठला पुस्तक छापायचं म्हटल्यावर तो आधी हसला होता, मग म्हणाला होता, "किताब है तो क्या हुआ, बॉर्डर तो डालेंगे." पहिल्या पानाच्या पहिल्या प्रुफावर सवयीने गणपतीसुद्धा आला होता. तो मुकेशने तेवढ्यातल्या तेवढ्यात उतरवला. सोनेरी वेल मात्र राहिली, कारण द्रौपदीबाईंना ती आवडली. माझं लग्न विहिरीपाशी चार माणसांत झालं, म्हणाल्या, पत्रिका नव्हती. ही आता धरा.

शंकरने पुस्तक नाकाशी नेलं. नव्या शाईचा वास. त्याला आईच्या बोटांचा वास आठवला, कारखान्यातली पाळी संपवून ती घरी यायची तेव्हाचा, काड्यांच्या गुलाचा आणि पॅराफिनचा. पुस्तकात एक वाक्य होतं, ते तो ऑफिसात चारजणांना तरी ऐकवून आला होता. 'काड्या मोजायच्या नसतात, मुठीला कळतात.' चौथी पास बाई. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्याच्या कॅलेंडरची पानं मागच्या बाजूने कोरी असतात म्हणून ती जपून ठेवायची आणि दुपारी त्यांवर लिहायची. लोकांना वाटायचं म्हातारी महिने मोजत बसली आहे. असं करत करत एक दिवस तिने सुतळीने बांधलेली ती भेंडोळी नातीच्या, मैत्रेयीच्या, पुढे ठेवली आणि विचारलं, "तुझ्या मशिनमध्ये हे जाईल का?"

ते मशिन, म्हणजे उल्हासनगरलाच सुटे भाग जमवून केलेला कॉम्प्युटर, आजीच्याच खोलीत होता, पलंगाच्या उशाशी, क्रोशाच्या रुमालाखाली. शंकरचं घर बदलापूरला, मांजर्लीत, तळमजल्यावर. दोन हजार पाच सालच्या पुरानंतर त्या घरात जमिनीलगत काहीही किमती ठेवायचं नाही असं ठरलं होतं. मैत्रेयी कॉलेज सुटल्यावर इथे यायची आणि आजीचं लिहिणं उतरवायची. तेही दोनदा. प्रेसच्या मशिनला लागणारी अक्षरं वेगळी आणि इंटरनेटवर दिसणारी वेगळी, एकातलं दुसऱ्यात टाकलं की नुसते किडे-मुंग्या. म्हणून पोरीने सगळं पुस्तक एकदा छपाईसाठी टाइप केलं आणि पुन्हा पहिल्यापासून ब्लॉगसाठी आणि सीडीसाठी. कुणी म्हटलं नव्हतं तिला. आजी दोनदा लिहायला तयार झाली असती, तर मी का नको, म्हणाली.

"आई, बघ," शंकरने पुस्तक आईच्या हातात दिलं. तो लगेच दुसऱ्या गठ्ठ्याची गाठ सोडवायला बसला.

मग सगळे पाकिटं चिकटवायला बसले. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आतून एक पाकीट लावायचं, त्यात सीडी जाणार होती. पाकिटं अर्थातच पत्रिकांची, उरलेली, काहींवर लाल कुंकवाचा ठिपका छापलेला. खळ बकुळाने शिजवली. मुकेश चिकटवत होता, संध्या दाबत होती, शंकर पुस्तकं सरळ रचत होता. पलंगावर द्रौपदीबाई आपलं पुस्तक वाचत होत्या.

वाचत नव्हत्या खरं तर. शोधत होत्या. संध्याला ते पहिल्यांदा दिसलं. आईने पुस्तक मध्येच उघडलं, चारदोन पानं उलटली, परत मागे आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. प्रुफं आली तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी होती, म्हणून तर तिने सांगितलं होतं, तुम्ही तिघं वाचा, तिघांच्या नजरेतून चूक सुटायची नाही. तीन घरांना तीन प्रती गेल्या होत्या. उल्हासनगरला मुकेशकडे, अंबरनाथला संध्याकडे, बदलापूरला शंकरकडे. वडील वारल्यावर आई जशी या तीन घरांत आळीपाळीने राहायची, तशीच.

आता राहत नव्हती. पूर ओसरला त्या आठवड्यात ती इथे, कारखान्यामागच्या तिच्या जुन्या खोलीत परत आली. मला इथेच झोप लागते, म्हणाली. कुणी फार आग्रह केला नाही. का केला नाही हेही कुणी बोललं नाही.

संध्याचे हात थांबले. आईचं बोट एका पानावर होतं. पान अर्धं भरलेलं, आणि खाली मोकळ्या जागेत एक मोठी वेलबुट्टी, मध्ये कमळ.

आपण एकच परिच्छेद काढला होता, संध्याने स्वतःला सांगितलं. लाल पेनने, समासात 'पाल्हाळ' असं लिहून. मुलांच्या निबंधात लिहिते तसं. तेवढ्याने अर्धं पान कसं मोकळं होईल? तिने शंकरकडे पाहिलं. तो एकावर एक पुस्तकं ठेवत होता आणि प्रत्येक पुस्तक जरा जास्तच सरळ करत होता. तिने मुकेशकडे पाहिलं. त्याने खळीचं बोट तोंडात घातलं आणि मग त्याला कळलं की ती खळ आहे.

तेव्हा संध्याला उमगलं. तिघांनीही.

"मुकेश," द्रौपदीबाई म्हणाल्या, "हे फूल कुणी घातलं?"

"आमचा भगवंत घालतो, आई. ऑपरेटर. जागा मोकळी राहिली की बुट्टी टाकायची अशी त्याला सवय आहे."

"चांगलं आहे फूल. जागा मोकळी कशी राहिली?"

मुकेशला उत्तर येत होतं, पण तो खळीचं बोट पँटला पुसत राहिला. भगवंतची काही चूक नव्हती. पत्रिकांच्या धंद्यातला पहिला नियम त्याला मुकेशनेच शिकवला होता: घरच्यांनी नाव खोडलं की गुपचूप खोडायचं. का म्हणून विचारायचं नाही. कुठल्या काकांशी कोण बोलत नाही, कुणाची आत्या रुसली आहे, ते आपल्याला काय करायचं आहे. भगवंतकडे तीन घरांतून तीन प्रती आल्या. एकीवर पेन्सिल, एकीवर लाल पेन, एकीवर पट्टी लावून मारलेल्या निळ्या रेघा. त्याने इमानाने तिन्ही खोडाखोडी एकत्र केल्या. उरलं त्याखाली कमळ टाकलं.

तेवढ्यात मैत्रेयी आली. खांद्याला सीडींची पिशवी, चेहरा उन्हाने लाल आणि आनंदाने जास्त लाल. दारातच चपला भिरकावून ती आजीच्या पलंगावर जाऊन बसली आणि सांगत सुटली. बदलापूरला सायबर कॅफेत तिला सोनिया भेटली होती. सोनिया म्हणजे बनूबाईची नात. तिने द्रौपदीबाईंचा ब्लॉग शोधून काढला, पुराचं प्रकरण कॅफेतच प्रिंट करून घेतलं आणि घरी जाऊन बनूबाईला वाचून दाखवलं. तेही दोनदा, कारण पहिल्यांदा बनूबाईचा विश्वासच बसला नाही.

"आणि आजी, बनूबाईने निरोप दिलाय. म्हणाली, मला वाचता येत नाही, पण उद्या पुस्तकात माझं नाव कुठल्या पानावर आहे ते दाखव. मी त्यावर बोट ठेवून बघीन."

बाहेर नळाला पाणी आल्याचा गलका झाला आणि शेजारणी हंडे घेऊन पळाल्या. या घरातलं एकही माणूस उठलं नाही, आणि असं या खोलीत पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

द्रौपदीबाईंनी उघडं पुस्तक नातीपुढे सरकवलं. "दाखव बाई, कुठे ठेवू द्यायचं बोट ते."

मैत्रेयीने पान पाहिलं. उलटलं. परत पाहिलं. "हे कुठे गेलं?" ती म्हणाली. "माझ्या फाइलमध्ये आहे. सीडीत आहे. मी टाइप केलंय, दोनदा केलंय." मग तिने वर पाहिलं, बापाकडे, आत्याकडे, काकाकडे, आणि तिला पुढचं विचारावं लागलं नाही.

पहिली संध्याच बोलली, आणि बोलली ती मुकेशवर. तू प्रेसमध्ये असतोस, छापताना बघायला नको? मुकेश म्हणाला, मी काय फक्त माझ्यासमोर आलेलं बघत होतो, ताई, तुझं लाल पेन माझ्याकडे नव्हतं आलं. म्हणजे तूही काढलंस, संध्या म्हणाली. थोडंसं, मुकेश म्हणाला, स्टेशनचं फक्त. संध्या म्हणाली, माझंही थोडंसंच होतं. आणि मग दोघं एकदम थोरल्याकडे वळले, लहानपणी काच फुटली की वळायचे तसे.

"ह्यांच्याकडे काय बघताय?" बकुळा मध्ये पडली. खळीचं पातेलं तिने खाली आपटलं नाही, पण ठेवलं त्यात तेवढाच आवाज होता. त्या पुरात शंकर मुंबईत ऑफिसच्या टेबलावर झोपला होता, घरी ती आणि ही पोर दुसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जीव मुठीत धरून होत्या, आणि आई तर पाणी उतरल्यावर आल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्यात खोडण्यासारखं काय असणार आहे?

बकुळाने एकेकाकडे पाहिलं. शेवटी तिची नजर सासूवर थांबली.

"आई, काय होतं त्या पानात?"

द्रौपदीबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर तिन्ही मुलांना बरं वाटलं असतं.

मुकेशला नेहमी हातांनी काहीतरी करायला लागतं. तो उठलाच. अजून प्रेस उघडी आहे, म्हणाला. पत्रिकेत मामाचं नाव राहिलं की आम्ही काय करतो? वेगळी चिठ्ठी छापतो आणि आत घालतो. आज संध्याकाळपर्यंत ते पान छापून आणतो, सीडीच्या पाकिटात सीडीबरोबर घालू. बनूबाईंचं नाव हवं तर सोनेरी छापू. मैत्रेयीने पेन ड्राइव्ह द्यावा, तो आत्ता निघतो.

"छाप," द्रौपदीबाई म्हणाल्या. "सोनेरी नको, काळंच छाप. पण आधी एकदा मोठ्याने वाचा. इथे. तुम्हा तिघांपैकी कुणीतरी. उद्या ती म्हातारी मला विचारेल, तुझ्या घरच्यांनी वाचलं का. मी तिला काय सांगू?"

"मी वाचते आजी," मैत्रेयी म्हणाली.

"तू नको. तू वाचलंयस."

मैत्रेयीने क्रोशाचा रुमाल काढला आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो नेहमीप्रमाणे गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. तिला टाइप करतानाच्या त्या दुपारी आठवत होत्या. पहिल्यांदा ती हे प्रकरण उतरवत होती तेव्हा आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती, आणि मैत्रेयी थांबली की म्हणायची, अक्षर लागत नाही का? अक्षर लागत होतं. तेव्हाच तिने ठरवलं होतं की पप्पांना आपण काही विचारायचं नाही. त्यांनी वाचलं की ते स्वतः बोलतील. प्रुफं घरी आली, परत गेली, पप्पा बोलले नाहीत. तिला वाटलं, मोठ्या माणसांना वेळ लागतो.

पडद्यावर पान आलं. मुकेश दाराशी गेला. संध्याने पदर डोळ्यांना लावला तो काढला नाही. कांद्यामुळे, असं तिने कुणी न विचारता सांगितलं.

शंकर उठला. खुर्ची ओढून बसला. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्याने हेच पान पट्टी लावून खोडलं होतं. सरकारी कागदावर खोडलं की बाजूला सही करायची असते. सवयीने त्याचा हात सहीसाठी गेला होता, आणि तिथेच त्याने पेन बंद केलं होतं. आता त्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली, इतिवृत्त वाचतात तशा एकसुरी आवाजात.

"'मुकेशने विठ्ठलवाडी स्टेशनवर माझी पिशवी लोकलच्या डब्यात ठेवून दिली आणि म्हणाला, पोचल्यावर कळव. मी हो म्हटलं. कशाने कळवायचं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोघंही घाईत होतो.

"'बदलापूरला उतरून मांजर्लीच्या वळणावर आले तर पाणी गुडघ्याला. शंकरची इमारत समोर दिसत होती, दोन गल्ल्या सोडून. तेवढ्यात एका माळ्यावरून बाई ओरडली, पुढं नको जाव गो बाय, नदी आयली गावान. तिचा नवरा हिंदुराव खाली उतरला आणि काखेत हात घालून त्याने मला शिडीवर चढवलं. त्या बनूबाईने मला कोरडं नेसायला दिलं. मी नाव सांगितलं, आडनावही सांगितलं, म्हणजे नंतर कुणाला काही वाटायला नको. ती म्हणाली, भाकर खातेस ना?'"

बकुळा हळूच जमिनीवर बसली.

"'अंधार पडल्यावर तिने कंदील पेटवून माळ्याच्या खिडकीत टांगला. रॉकेल थोडंच होतं. हिंदुराव म्हणाला, कशाला जाळतेस. ती म्हणाली, हिची मानसा हिला शोधीत येतीन, त्यांना दिवा दिसाला नको?

"'दुसऱ्या रात्रीही टांगला. मी तिला राहू दे म्हटलं नाही. मुकेशला वाटत असणार मी शंकरकडे पोचले. शंकरला वाटत असणार मी मुकेशकडून निघालेच नाही. संध्याला वाटत असणार, दोघांपैकी एकाकडे असेल. तिघांच्याही मनात मी सुखरूप होते, फक्त दुसऱ्याच्या घरी. पण हे त्या बाईला कसं सांगायचं? ती वात वर करत होती.'"

"तो कंदील आम्ही पाहिला होता," बकुळा म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं, समोर कणीक नव्हती. "सगळीकडे काळोख, आणि तो एकच दिवा. मैत्रेयी, तुला आठवतं? मी तुला म्हटलं होतं, बघ गं, कुणाच्या तरी घरी अजून कुणीतरी यायचं राहिलंय." ती थांबली. "आणि तिच्याशी मी मेथीवरून भांडते."

"ती पण भांडते," द्रौपदीबाई म्हणाल्या. "वाच, शंकर."

शंकर वाचत होता, पण आता तो इतिवृत्त वाचत नव्हता. प्रत्येक शब्द लख्ख येत होता. दाराशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मुकेशला एक विचित्र गोष्ट जाणवली. हे पान त्याच्यावरचं होतं, त्याला टोचायला हवं होतं, आणि टोचतही होतं. पण त्याहून वर मनात येत होतं, काय लिहिलंय हिने. एक शब्द हलवता येणार नाही. आपण तिघांनी मिळून कशाला हात लावला होता.

"'पाणी उतरलं तशी मी चिखलातून वळणापर्यंत आले, तर समोरून शंकर. रुळांवरून चालत आला होता. डोळे लाल, पायात एकच चप्पल. मला बघून म्हणाला, आई, तू कधी आलीस? मी म्हटलं, आत्ताच.

"'त्याच्याकडे बघून तेवढंच सुचलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याला खरंच वाटलं. मला वाटलं, एवढ्याने पोराला बरं वाटत असेल तर...'"

शंकर थांबला.

"पप्पा, अजून एक ओळ आहे," मैत्रेयी म्हणाली.

त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं, ते नुसतंच हातात धरलं, आणि खुर्ची फिरवून पलंगाकडे तोंड केलं.

"आई, छापायच्या आधी इथे एक दुरुस्ती आहे."

"काय चुकलं?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"मला खरं वाटलं असं लिहिलंयस. ते बरोबर नाही." बोलताना तो एकेक शब्द शोधत होता. "मी त्या वळणावर तुला लांबून ओळखलंच नव्हतं. जवळ आल्यावर ओळखलं. तुझ्या अंगावर दुसऱ्या बाईचं लुगडं होतं, आई. हिरवं, नऊवारी. तू आत्ताच आली नव्हतीस, हे मला तिथेच कळलं होतं. मी बघितलं, आणि विचारलं नाही."